लहान वावराचा नांगर: लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे जीवन आणि छोट्या ट्रॅक्टरची नांगरट

नागपूरहून वर्धा रस्त्याने निघाले की खापरीच्या आसपास मिहानचा परिसर सुरू होतो. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी या गावांची जमीन या प्रकल्पात गेली. विमानतळ, एम्स आणि कंपन्यांच्या इमारतींच्या पलीकडे मात्र आजही पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, संत्रा आणि भाजीपाला दिसतो. भावाभावांतील वाटण्या, नवे रस्ते आणि भूसंपादन यांमुळे अनेकांकडे उरलेले वावर लहान आहे. कुणाकडे वीस गुंठे, कुणाकडे दहा.

अशा वावराची मोठी अडचण म्हणजे नांगरटीची वेळ. भाड्याचा ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आधी मोठ्या वावरात जातो. दहा गुंठ्यांसाठी तो वळवायलाच वेळ जातो, म्हणून लहान शेतकऱ्याचा नंबर शेवटी लागतो. तोपर्यंत काळ्या जमिनीतला वाफसा निघून गेलेला असतो. मग दगडासारखी ढेकळे निघतात, किंवा पाऊस आला तर चिखल होतो. म्हणून काही शेतकरी १५-२० अश्वशक्तीचा जुना छोटा ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर विकत घेतात आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त ठेवतात.

लहान शेतकऱ्याला परवडेल, त्याच्या ओढशक्तीला झेपेल आणि गावातच दुरुस्त होईल असा नांगर कसा असावा, हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावच्या एका छोट्या कारखान्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी तो हाती घेतला होता. या लेखात त्यांचे जीवन पाहू. शेवटी काळ्या जमिनीत छोट्या ट्रॅक्टरने नांगरताना काय सांभाळावे, तेही पाहू.

गुर्लहोसूर ते मुंबई

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे पंडित होते. घरात विद्येला मान होता. मुलाने चांगले शिकून नोकरी धरावी, ही त्या काळच्या कुठल्याही घरासारखी अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र चित्रकलेत आणि यंत्रांत रमत असे.

१८८५ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही. रंगांध माणसाला चित्रकार होता येणार नव्हते. त्यांनी चित्रकला सोडली, पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथल्या कर्मशाळेत वाफेची इंजिने आणि यंत्रे होती. शिकवण्याच्या वेळेनंतर ते यंत्रांजवळ थांबत, ती कशी चालतात ते पाहत आणि स्वतः हात लावून शिकत. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांचे शिक्षण या कर्मशाळेत झाले.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा मिळाली. १८९७ मध्ये लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पगाराची नोकरी सोडणे ही संसारी माणसासाठी लहान गोष्ट नव्हती. बेळगावात मात्र एक छोटा आधार तयार होता.

सायकलीच्या दुकानातून शेतीच्या अवजारांकडे

मुंबईत असतानाच, १८८८ मध्ये, लक्ष्मणरावांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलविक्रीचा धंदा सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाची सुरुवात या दुकानातून झाली. पुढे पवनचक्क्यांची एजन्सीही त्यांनी घेतली.

दुसऱ्याने केलेला माल विकण्यात लक्ष्मणरावांचे समाधान नव्हते. आपण काहीतरी घडवावे असे त्यांना वाटे. काय घडवायचे, याचे उत्तर त्यांना भोवतालच्या शेतकऱ्यांकडे पाहून मिळाले. त्या भागात ज्वारीचा कडबा हे जनावरांचे मुख्य वैरण होते. जनावर आख्ख्या कडब्याची पाने खाऊन जाड धांडे टाकून देते. बारीक तुकडे केले तर तोच कडबा जास्त दिवस पुरतो. म्हणून किर्लोस्करांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. त्यानंतर ते नांगराकडे वळले.

१९०३: लोखंडी नांगर

त्या काळी बहुतेक शेतकऱ्यांकडे लाकडी नांगर होता. गावचा सुतार तो बाभळीच्या लाकडातून घडवी आणि लोहार त्याला लोखंडी फाळ बसवी. हा नांगर जमीन फाडतो, पण उलथत नाही. तास इंग्रजी व्ही अक्षरासारखा पडतो आणि दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राहते. म्हणून दोनदा, तीनदा आडवे-उभे नांगरावे लागे. भारी काळ्या जमिनीत खोल जायचे तर चार-सहा बैल जुंपावे लागत. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याने शेजाऱ्याची जोडी मागायची. म्हणजे तेव्हाही लहान शेतकऱ्याचा नंबर शेवटीच होता.

विदर्भात यावर वेगळा उपाय रूढ होता. इथला शेतकरी दरवर्षी नांगरत नसे. वखराच्या पाळ्या देऊन जमीन तयार करायची आणि हरळी, कुंदा फार माजला की काही वर्षांतून एकदा नांगर घालायचा, अशी रीत होती. ती का योग्य होती, ते पुढे पाहू.

लोखंडी नांगराचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. फाळ खालून माती कापतो. त्यामागचा वाकडा पंख तो मातीचा पट्टा उचलून बाजूला पालथा घालतो. तण खाली गाडले जाते, मुळ्या उघड्या पडतात आणि खालची माती वर येते. इंग्लंडहून येणारे असे नांगर बाजारात होते. लक्ष्मणरावांनी ते पाहिले, त्यांची रचना समजून घेतली आणि १९०३ मध्ये बेळगावात स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला.

नांगर तयार झाला, पण घेणारा कुणी नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. कारखान्यात तयार माल पडून आहे, पैसा अडकला आहे आणि ज्याच्यासाठी वस्तू केली तोच तिला हात लावायला तयार नाही, अशी ती दोन वर्षे होती.

या समजुतीला आज हसणे सोपे आहे. पण ती फक्त आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही लोखंडाने जमीन नासते म्हणून तो नाकारला होता. शिवाय शेतकऱ्याची भीती केवळ अंधश्रद्धेची नसते. लाकडी नांगर मोडला तर गावात सुतार आहे. लोखंडी नांगर पेरणीच्या तोंडावर मोडला तर काय करायचे? एक हंगाम हुकला तर वर्ष जाते. नव्या अवजाराचा धोका कारखानदारापेक्षा शेतकऱ्याला जास्त असतो. लक्ष्मणराव शेतकऱ्याच्या नकारावर रागावून थांबले नाहीत. ते नांगर सुधारत राहिले आणि हळूहळू मागणी येऊ लागली.

नांगराचा जीव फाळात

नांगराचा जो भाग सतत मातीशी घासतो, तो म्हणजे फाळ. मुरमाड जमिनीत तो लवकर झिजतो. बोथट फाळ जमिनीत शिरत नाही, वर उचलतो. मग बैलांवर ओढ वाढते आणि तास उथळ पडतो. म्हणून नांगराच्या किमतीइतकाच फाळ किती टिकतो आणि नवा कुठे मिळतो, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

ओतीव लोखंड, म्हणजे आपण ज्याला बीड म्हणतो, ते साच्यात हळूहळू थंड झाले तर तुलनेने मऊ राहते. साच्याच्या एका बाजूला धातूचा तुकडा ठेवून ती बाजू झटकन थंड केली, तर तिथे अतिशय कठीण थर तयार होतो. इंग्लंडमधील इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये याच तत्त्वावर फाळाचे पेटंट घेतले. फाळाची खालची बाजू कठीण आणि वरची मऊ असल्याने वरची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. उंदराचे पुढचे दात जसे कुरतडून धारदार राहतात, तसाच हा प्रकार. आपल्याकडे नांगर ओतणाऱ्या प्रत्येकाला या झिजेचे गणित सोडवावे लागले. विलायती फाळाच्या तोडीचा फाळ दिला नसता, तर देशी नांगर बाजारात टिकला नसता.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. न्यूबोल्ड यांचा नांगर एकसंध ओतलेला होता. एक भाग तुटला की सारा नांगर भंगारात. १८१९ मध्ये जेथ्रो वूड यांनी सुटे, बदलता येणारे भाग असलेला नांगर आणला आणि तो चालला. शेतकऱ्याला फाळ बदलता आला पाहिजे, आणि तोही आपल्या भागातल्या बाजारात मिळाला पाहिजे. बेळगावात घडवलेल्या नांगराचा मोठा फायदा हाच होता. त्याचा सुटा भाग बोटीने येण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

बेळगाव सुटले, माळ मिळाला

धंदा जरा सावरतो आहे तोच दुसरे संकट आले. बेळगावात ठळकवाडीची नवी वस्ती वसवण्यासाठी नगरपालिकेला जागा हवी होती. त्यात किर्लोस्करांचा कारखाना उठला. मिहानच्या परिसरातील अनेक घरांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. मोठ्या योजनेसाठी जागा सोडावी लागणे आणि पुन्हा शून्यातून उभे राहणे काय असते, हे त्यांनी अनुभवले आहे.

यावेळी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. लक्ष्मणरावांनी पूर्वी औंधला बांधकाम केले होते, त्यामुळे राजांना त्यांच्या कामाची पारख होती. राजांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

जमीन मिळाली खरी, पण तो निवडुंगांनी भरलेला, सापांचा, कमी पावसाचा माळ होता. सोबत होती थोडी माणसे. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभूराव जांभेकर स्वतःच शिकून इंजिनिअर झाले होते. मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळत. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर यंत्रांत तरबेज झाले. के. के. कुलकर्णी पडेल ते काम उचलत. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि इतर घरांतील स्त्रियांनी त्या माळावर संसार मांडले. पदव्यांपेक्षा हातातले काम पाहून माणसे निवडायची, ही तिथली रीत होती.

वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. तुरुंगात शिक्षा भोगलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. चोरी करणाऱ्यावरच राखणीची जबाबदारी दिली तर तो ती पाळेल, असा त्यांचा विश्वास होता. अवजाराच्या बाबतीत शेतकऱ्याचा विश्वास मिळवायला त्यांना दोन वर्षे लागली होती. माणसांवर विश्वास टाकताना त्यांनी स्वतः मात्र इतका वेळ लावला नाही.

महायुद्ध आणि तोफांचे नांगर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगरांची आवक थांबली आणि देशी नांगरांना मागणी वाढली. पण कच्चे लोखंड आणि कोळसा मिळेना. मागणी आहे आणि माल करता येत नाही, अशी उलटी अडचण झाली. अशा वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. संस्थानात पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांनी ओतकामासाठी दिल्या. युद्धासाठी ओतलेले लोखंड वितळून त्याचे नांगर झाले आणि ते शेतकऱ्यांच्या वावरात गेले.

युद्ध संपेपर्यंत लोखंडी नांगर दक्षिण महाराष्ट्रात अनोळखी राहिला नव्हता. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले.

नांगरानंतर

शेतकऱ्याच्या कामाची साखळी लक्ष्मणरावांनी पुढे नेली. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, उसाचा चरक आणि पाण्याचे पंप किर्लोस्करवाडीत तयार होऊ लागले. वडील पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले आणि कामात रुजू झाले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा आवाज पुढे गावोगाव ओळखीचा झाला, त्यामागे ही वाटचाल होती.

लक्ष्मणरावांनी ट्रॅक्टर बनवला नाही. त्यांच्या हयातीत आपल्याकडचा लहान शेतकरी बैलावरच नांगरत होता आणि त्यांनी त्या बैलजोडीला धरून विचार केला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

बैलजोडीकडून छोट्या ट्रॅक्टरकडे

एक एकर जमीन आठ इंची तासाने नांगरायची तर नांगरामागे जवळपास २० किलोमीटर चालावे लागते. बैलजोडीची सलग शक्ती साधारण एक अश्वशक्तीच्या आसपास धरली जाते. बैल सांभाळणे अवघड झाले तसा लहान शेतकरी यंत्राकडे वळला.

ट्रॅक्टर आल्यावर सुरुवातीला एक चूक झाली. बैलामागचा नांगर साखळीने ट्रॅक्टरमागे बांधला गेला. नांगर दगडात अडकला की हलक्या ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात आणि तो मागे उलटे. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनी यावर उपाय म्हणून तीन ठिकाणी जोडणारी हायड्रॉलिक पद्धत विकसित केली. नांगर आणि ट्रॅक्टर एकाच यंत्रासारखे काम करू लागले आणि नांगराची ओढ मागच्या चाकांची पकड वाढवू लागली. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरला हीच जोडणी असते.

आपल्याकडे लहान वावरासाठी १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर बनवले. पुढे त्यांचे छोटे ट्रॅक्टर महाराष्ट्रातील द्राक्ष आणि इतर फळबागांत दिसू लागले. किर्लोस्कर नावाचा पॉवर टिलरही नंतर बाजारात आला. अशा यंत्रांपैकी जुनी यंत्रे आज हातोहात फिरत लहान शेतकऱ्यांकडे पोचतात.

काळ्या जमिनीत जुन्या छोट्या ट्रॅक्टरने नांगरताना

*नांगरायलाच हवे का?* आधी हे ठरवा. नागपूरची काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे ती स्वतःच काही प्रमाणात मोकळी होते. तण आटोक्यात असेल तर वखराच्या पाळ्या पुरतात. हरळी, कुंदा माजला असेल किंवा खालचा थर घट्ट झाला असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरेशी आहे. जुन्या वऱ्हाडी रीतीचे शहाणपण हेच होते. कपाशीच्या वावरात मात्र पऱ्हाट्या काढून उन्हाळ्यात नांगरट केली तर गुलाबी बोंडअळीचे कोष वर येतात. ते उन्हाने आणि पक्ष्यांमुळे नष्ट व्हायला मदत होते.

*वाफसा ओळखा.* तासाच्या खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने टेकताच फुटला तर नांगरा. गोळा चिकट राहिला तर थांबा. नांगरताना उलथलेली माती चकाकू लागली तर ती ओली आहे, असे समजून काम बंद करा. ओल्यात नांगरलेली काळी माती वाळल्यावर विटेसारखी होते. स्वतःचे छोटे यंत्र असण्याचा खरा फायदा हा आहे, की वाफसा आला त्याच दिवशी काम करता येते.

*खोली आणि रुंदी जपून वाढवा.* तासाची खोली दुप्पट आणि रुंदीही दुप्पट केली, तर उलथायची माती चौपट होते आणि ओढ किमान तितकी वाढते. १५-२० अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरला एक फाळी नांगर लावा. पहिली फेरी १२-१५ सेंटिमीटर खोल घ्या. चाके घसरू लागली तर वेग वाढवू नका, खोली कमी करा. घसरणारे चाक डिझेल जाळते आणि खालची माती दाबून घट्ट करते.

*वळणाची जागा मोजा.* दहा गुंठ्यांचा तुकडा समजा १०० फूट रुंद आणि १०९ फूट लांब आहे. मोठ्या ट्रॅक्टरला दोन्ही टोकांना २०-२० फूट वळायला सोडले, तर १०९ पैकी ४० फूट तुडवले जातात. छोट्या ट्रॅक्टरला १०-१० फूट पुरले तर २० फूट. आधी या पट्ट्या आखून घ्या, मधला भाग लांबीच्या दिशेने नांगरा आणि शेवटी टोकाच्या पट्ट्या आडव्या नांगरा. उतार असेल तर उताराला आडवेच नांगरा.

*दरवर्षी सुरुवात बदला.* एकाच बाजूला माती टाकणाऱ्या नांगराने मध्यापासून सुरुवात केली तर मध्ये वरंबा होतो. कडेने सुरुवात केली तर मध्ये नळी पडते. एका वर्षी मध्यापासून, पुढच्या वेळी कडेपासून सुरुवात केली तर वावर सपाट राहते. पलटी नांगर असेल तर ही अडचण येत नाही, पण तो जड असतो. आपल्या ट्रॅक्टरची उचलण्याची क्षमता आधी पाहा.

*फाळ आणि पिना तपासा.* फाळाचे टोक गोल झाले असेल तर तो बदला किंवा लोहाराकडून टोक भरून घ्या. पंखावर गंज असेल तर काळी माती चिकटते. काम संपल्यावर पंख पुसून जुने इंजिन ऑइल लावून ठेवा. जोडणीच्या पिना ढिल्या असतील तर नांगर डुलतो आणि तास वाकडा पडतो. जुना ट्रॅक्टर घेताना रंग पाहू नका. त्याचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात का, ते आधी विचारा.

*स्वतःला सांभाळा.* नांगर किंवा कुठलेही ओझे मागच्या धुरीच्या वर कधीही बांधू नका. नेहमी खालच्या ओढदांड्यालाच जोडा, नाहीतर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. धुऱ्याच्या अगदी कडेने चालवू नका. फिरत्या शाफ्टवर झाकण हवेच. धोतर, दुपट्टा, सैल बाह्या जवळ नेऊ नका. अडकलेला दगड काढताना इंजिन बंद करा. लहान मुलांना मडगार्डवर बसवू नका.

*नांगरट हे शेवटचे काम नाही.* ढेकळे उन्हात तापू द्या. वळवाचा पाऊस पडल्यावर ती आपोआप फुटतात. मग शेणखत पसरून वखराची पाळी द्या. ढेकळे फोडण्यासाठी रोटाव्हेटर पुन्हा पुन्हा फिरवला तर मातीची पीठ होते आणि पहिल्या जोरदार पावसात वर पापडी धरते.

शेवटी

लक्ष्मणरावांनी घडवलेला नांगर आज बहुतेक ठिकाणी गोठ्याच्या भिंतीला टेकलेला दिसेल. पण तो घडवताना त्यांनी जे पाहिले, ते आजही तपासून घेण्यासारखे आहे. ओढणाऱ्याला झेपेल का? झिजलेला भाग जवळ मिळेल का? एका हंगामाचे नुकसान होणार नाही ना? दहा गुंठ्यांच्या मालकाने जुना ट्रॅक्टर किंवा टिलर घेण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे होकारार्थी असतील, तर वाफसा आला त्या दिवशी त्याला कुणाच्या नंबरची वाट पाहावी लागणार नाही.